फिरिंद कोण वाचणार?

दमास्कस,
शाबान महिन्याची दहावी

लाडक्या हम्माद,

सलाम. इथे सगळे खुशाल. जर्दाळू उतरलेत. अब्बा पोटभर खातात आणि मग पोट धरून बसतात.

तुझं पत्र मिळालं. ‘बसरा सोडून येतो, अब्बांची गादी मी सांभाळतो, शिकलगारांच्या बाजारात बाईला कोण विचारतं?’ वाचून आधी पोट धरून हसले, मग रागही आला.

परवाचं ऐक. हलब शहराच्या सरदाराचा कारभारी एक पातं घेऊन आला. आपली रीत तू विसरला नसशील. शिकलगाराने पोलादातली फिरिंदची नक्षी चारचौघांत वाचायची, आणि चुकीचं वाचलं तर गादी सोडायची. अब्बांनी पातं मांडीवर घेतलं आणि मस्त सूर लावला, “मुहन्नद! अस्सल हिंदुस्थानी पोलाद. मुंग्या चालून गेल्यासारखी बारीक फिरिंद.”

पातं कोरं होतं. नक्षीचा मागमूस नव्हता.

एरवी पडद्याआडून मी आधी हळूच सांगते, मग ते बोलतात. तेव्हा मी मागे जर्दाळू धूत होते, आणि त्यांनी अंदाजानेच ठोकून दिलं. आता लपवून काय उपयोग? अब्बांना दिसत नाही, हम्माद. हिवाळ्यापासून अजिबात नाही. तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती.

मी ओल्या हातांनी तशीच बाहेर धावले. “अब्बा, हे कोरं आहे. यमनी पोलाद. धार मात्र झकास.”

कारभारी म्हणाला, “म्हणजे शेख चुकले.”

तेवढ्यात समोरचा म्यानवाला अबू जुरैज खेकसला, “पोरी, तुझी कुजबुज आम्हाला कधीपासून ऐकू येते. आम्ही काय बहिरे आहोत? एकदा तरी चुकलीस का?”

“नाही,” मी म्हणाले. खरंच होतं ते.

अब्बा उठले. “रीत ती रीत. सोडली गादी.” मग चाचपडत माझं मनगट धरलं आणि मला तिथे बसवलं. “आता हिची परीक्षा घ्या.”

कारभाऱ्याने कमरेची स्वतःची तलवार उपसून पुढे केली. मी तिची फिरिंद वाचली. त्याने मान डोलावली आणि कोरं पातं पाजळायला माझ्याकडेच ठेवलं.

तू ये. नक्की ये. अब्बा रोज तुझा आवाज आठवतात, आणि त्यांना तुझ्या तोंडून बसऱ्याच्या गप्पा ऐकायच्या आहेत. येताना खजूर आण. दुकानात मात्र गिऱ्हाइकांच्या बाजूला बस.

अब्बांच्या गादीवरून, तुझी थोरली बहीण,
रबाब शिकलगार