पॅनवर नाव टाकू नका

लातूर,
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप सिद्धेश्वर अण्णांस,
धाकट्या बहिणीचा, दानूचा शरणार्थ.

तुम्ही आणि वहिनी खुशाल असाल, दुकानात लग्नसराईची गर्दी असेल. आम्ही मायलेकी इथं ठीक आहोत. वहिनींनी ईश्वरप्पा कंडक्टरच्या गाडीत पाठवलेली शेंगाचटणी पोचली. डब्याचं झाकण सैल होतं, पण सांडली नाही.

फोन सोडून चिठ्ठी का लिहिते, असं वाटेल. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आणि माझं बोलणं तुमच्याआधी गिऱ्हाइकांना कळतं. मागच्या खेपेला पातेल्याचा भाव करणाऱ्या कुणा बाईनंच मला "ताई, जरा जोरानं बोला, मामांना ऐकू येईना" म्हणून सांगितलं. शिवाय इथं खोली एकच. मी जे बोलेन ते मंजूच्या पुस्तकावरच पडतं. म्हणून रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालून परत पाठवते.

काम एवढंच, की मला स्टीलचा एक चांगला फ्राय पॅन पाहिजे. मंजूच्या पप्पांनी मुखेडहून येताना काळा नॉनस्टिक आणला होता. तो दिवाळीपासून सोलवटून राहिलाय. परवा धपाट्याला काळे कण चिकटलेले दिसले, मी ते धपाटं तसंच टाकून दिलं. घरचा लोखंडी तवा आणला असता, पण त्याचं बूड गोल, आणि घरमालकीण साखराबाई खोलीत गॅस ठेवू देत नाहीत. इंडक्शनच्या शेगडीवर तो तवा नुसता डुलतो, मधेच जळतो आणि कडेला कच्चा राहतो.

तेव्हा सपाट बुडाचा बघा. लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच शेगडी त्याला धरते. बूड जाड पाहिजे, तुम्ही ज्याला ट्रायप्लाय म्हणता ना, मधे अॅल्युमिनियमचा थर असलेला, तसा. पातळ पत्र्याचा चकचकीत देऊ नका, तो तुम्ही नवख्या गिऱ्हाइकाला द्या. दांडा स्टीलचाच असावा, रिवेटनं पक्का ठोकलेला. फार जडही नको, कारण मला तो एका हातानं उचलावा लागतो. बाबा बोटानं टिचकी मारून भांड्याचा आवाज ऐकायचे तसं तुम्हीही कराल म्हणा, तुम्हाला ऐकू आलं तर. रागावू नका, चेष्टा केली.

मंजू बरी आहे. जेवण जरासं कमी झालंय, पण दुसऱ्यांदा नीटला बसणाऱ्या पोरींचं असतंच असं. तिचे ड्रेस ढगळ व्हायला लागले होते, ते मी आत घेतले. धपाटं तेवढं ती खाते, म्हणून हा पॅनचा खटाटोप. संध्याकाळी थोडी गच्चीवर जाते, वारं लागतं. मी पण जाते तिच्यामागं.

आणखी एक. पॅनवर नाव टाकू नका. आपल्या दुकानाची रीत मला माहीत आहे, तरी सांगते. मशीन लावू नका. कोराच पाठवा.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
दानू


लातूर,
शुक्रवार, ६ डिसेंबर

तीर्थरूप अण्णांस,
शरणार्थ.

पॅन मिळाला. ईश्वरप्पांनी तो पोत्यात इतका गुंडाळून आणला होता की स्टँडवरच्या लोकांना वाटलं मी मूर्तीच घेऊन चालले. वजन बेताचं, बूड जाड, कड गोल वळवलेली. चांगला निवडलात.

सोबतची तुमची चिठ्ठी वाचूनच शेगडी लावली. आधी पॅन रिकामा तापू दे, पाणी शिंपडून बघ, थेंब चुरचुरून आटले तर थांब, गोळ्या होऊन पळायला लागले की मग तेल घाल. हे सगळं केलं. तरी पहिलं धपाटं मी घाईनं उलटायला गेले आणि त्याच्या चिंध्या झाल्या. तुम्ही लिहिलंच होतं, की स्टीलवरचं भाजून झाल्यावर आपलं आपण सुटतं, उलथनं घालून ओढू नको. दुसऱ्याला मी हातच लावला नाही. बाजूला उभी राहून नुसती बघत होते. थोड्या वेळानं कड उचलली गेली आणि अख्खं धपाटं पॅनमध्ये सरकायला लागलं, अण्णा. मंजू पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "मम्मी, पलटू का मी?" कितीतरी दिवसांनी ती शेगडीजवळ आली. पलटलं तिनं, आणि उभ्याउभ्याच अर्ध्याच्या वर खाल्लं, दह्यासंगं. मी तिच्या तोंडाकडं बघू नये म्हणून पीठच मळत राहिले. उगीचच मळत होते.

मला लई बरं वाटलं. तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना. मंजू आता पॅन घासायला मोरीत घेऊन गेली आहे. हल्ली ती आपली भांडी आपणच घासते, मला हात लावू देत नाही. नळ चालूच आहे बराच वेळ, बघून येते. बाकीचं मग लिहीन.


लातूर,
रविवार, ८ डिसेंबर, सकाळ

अण्णा,

ही चिठ्ठी दुकानात वाचू नका. घरात जाऊन बसून वाचा. वहिनींनाही वाचायला द्या.

परवाची चिठ्ठी अर्धी राहिली, तीही सोबत आहे. तिच्यात लिहिलेला आनंद खोटा नव्हता, म्हणून ती फाडली नाही.

मी मोरीत गेले तर मंजू खाली बसून पॅनच्या दांड्याची खालची बाजू घासत होती. आधी तारेच्या घासणीनं, मग साखराबाईंच्या कपडे धुवायच्या दगडाच्या तुकड्यानं. बोटांची सालं निघाली होती, पाणी लालसर झालं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मम्मी, हे जाईना."

मी दांडा उलटा करून बघितला. तुम्ही नाव टाकलं होतंत. डॉ. मंजुश्री उमाशंकर. दिसू नये म्हणून दांड्याखाली बारीक अक्षरात. फडक्यानं धरत होते म्हणून मला कळलंच नाही.

अण्णा, तुमचा हेतू मला कळतो. लेकीच्या घरी बिननावाचं भांडं पाठवायला तुमचा हात धजला नसेल. बाबांनी माझ्या लग्नात चमच्यावरसुद्धा नाव टाकलं होतं. मंजू दहावीला पहिली आली तेव्हा तुम्ही ताट, वाटी, पेला, डबा, सगळ्यावर डॉक्टर लिहून दिलंत. तेव्हा पंगतीत सगळ्यांनी हसून टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. ती पण हसली होती. मागच्या वर्षी नंबर लागला नाही तेव्हापासून ती त्या ताटात जेवायला बसली की भाकरी काठावर सरकवते, नाव झाकायला. मग भाकरी उचलायचीच नाही, म्हणजे जेवायचंच नाही. मला हे दिसत होतं. मी दुसरं ताट आणलं, तर तिचे पप्पा व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाले, "मामाचं ताट काऊन बदललं? शकुनाचं हाय ते." मी पुन्हा तेच काढलं.

मोरीत ती मला म्हणाली, "सगळ्या भांड्यांवर हाय, मम्मी. मी मेले तरी ह्यांच्यावर मी डॉक्टरच राहणार."

आवाज शांत होता तिचा. रडत असती तर मी एवढी घाबरले नसते.

मी तुम्हाला लिहिलं की जेवण जरासं कमी झालंय. ते खरं नव्हतं. ती खातच नाही. डबा घेऊन क्लासला जाते आणि रिकामा आणते, म्हणून मी स्वतःची समजूत घालत होते. पॅन मागवायच्या आधीच साखराबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, राग नका मानू. तुमची पोरगी डबा गच्चीवरल्या कबुतरांना घालती रोज. अन मंग कठड्यापाशी हुबी राहती, खाली बघत. मला बरं न्हाई वाटलं ते." तेव्हापासून मी तिच्यामागं गच्चीवर जाते, वाळवण बघायचं निमित्त करून. वाळवण काहीच घातलेलं नाही.

परवा तिच्या बोटांना हळद लावताना मी तिला सरळ विचारलं. जे आईनं तोंडातून काढू नये असं मला वाटत होतं, तेच विचारलं. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का तुझ्या? मला वाटलं ती चिडेल, काहीतरी काय विचारतेस म्हणेल. तिनं नाही म्हटलं नाही. म्हणाली, "निकाल लागेपर्यंत काही करणार न्हाई, मम्मी. पप्पांची एवढी आशा हाय, परीक्षा तर देते."

माझ्या हातातली वाटी खाली ठेवता येईना मला, अण्णा. ती मलाच धीर देत होती.

मी लगेच मुखेडला फोन केला. तिच्या पप्पांच्या दुकानात खताची गाडी उतरत होती. सगळं सांगितलं, जिन्यात उभी राहून, हळू आवाजात. ते म्हणाले, "टेन्शन हाय परीक्षेचं, समद्यांनाच असतंय. तू घाबरून राहिली म्हणून ती घाबरून राहिली. मे महिना काय दूर हाय का? आता मधीच आणली तर गावात काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, तोंड दाखवायला ती राहिली पाहिजे. ते म्हणाले, "अपशकुनी बोलू नको." फोन ठेवला.

ते वाईट नाहीत. तिच्या पायाला काटा टोचला तरी आठ दिवस विचारतील. पण हे त्यांना ऐकूच जात नाही, आणि समजावत बसायला माझ्याकडं वेळ नाही. मला भीती वाटते, अण्णा. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी राहून बोलत राहते, काहीही बोलते, पिठाचं, दुधाचं, फक्त तिनं आतून हूं म्हणावं म्हणून. हूं यायला उशीर झाला की मी दार वाजवते. मी देवाचं नाव घेते तर तेही पुरं होत नाही. कुणाला हाक मारू ते कळत नाही, म्हणून तुम्हाला मारते.

आम्ही तुमच्याकडं उदगीरला येतोय. क्लास सोडला. कुणाला विचारलं नाही.

ही चिठ्ठी ईश्वरप्पांकडं सकाळच्या गाडीत देते. मी त्यांना एवढंच सांगणार, की अण्णांच्या हातातच द्या. आम्ही दुपारच्या गाडीनं निघू. साखराबाई तिच्याजवळ बसल्या की मी सामान आवरेन, त्याशिवाय मला तिच्याकडं पाठ करता येत नाही. तिला सांगितलंय, मामाकडं जायचं. ती म्हणाली, "मामा विचारतील ना?" मी म्हटलं, न्हाई विचारणार. तेव्हा अण्णा, विचारू नका. मार्क नाही, पुढं काय तेही नाही. जेव म्हणून आग्रह करू नका. तिच्या नावाची जी भांडी तुमच्या मांडणीवर आहेत ती आम्ही यायच्या आत माळ्यावर टाका, आणि वहिनींना म्हणावं, साध्या पत्रावळीवर वाढा. पत्रावळीवर आम्हाला काही कमीपणा नाही.

वहिनींच्या भाच्याला ज्या मनाच्या डॉक्टरांकडं नेलं होतं, त्यांना आजच फोन करा. रविवार आहे तरी करा. लोकांना कळलं तर कळू द्या. परवापर्यंत मीही लपवत होते, आता मला लपवायची ताकद नाही.

तिचे पप्पा उद्या येतील, ओरडतील. तुम्ही त्यांना आधी बाहेरच्या खोलीत बसवा. माझ्या बाजूनं बोला असं म्हणत नाही, ते जावई आहेत. पण मंजूला आत ठेवून तुम्ही दाराशी बसा. आजवर माहेराकडं काही मागितलं नाही, हे मागते.

तिनं काय व्हावं ते मला आता सुचत नाही. शिवण शिकू दे, दुकानात बसू दे, काहीच न करता नुसतं झोपू दे. फक्त सकाळी उठू दे.

गाडीत मी तिला खिडकीकडं बसवणार आहे आणि मी बाहेरच्या बाजूला. उतरायचं तर माझ्यावरूनच जावं लागेल तिला. हात सोडणार नाही. तरी रस्ता मला फार लांब वाटून राहिलाय. तुम्ही कुणाला पाठवू नका, स्वतः स्टँडवर या. आम्ही दोघी खाली उतरलो, हे डोळ्यांनी बघा, आणि मगच मुखेडला फोन लावा.

मंजूची आई,
दानम्मा