तुळजाबाईंचा शब्द

९ जानेवारी १९७८, वडगाव रासाई
दौंडहून एसटीनं आलो. सरकारी नोकरी लागली, हिवतापाची! घरोघर ताप विचारायचा, बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. तुळजाबाईंनी परसातली खोली दिली, वर गवती चहा. त्यांची चांगुणा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलीय. दौंडच्या ट्रेनिंगात सगळेच खोकत होते. मलाही सर्दी आहे. चहानं उतरेल.

११ जानेवारी
गावानं दारं लावून घेतली. आणीबाणीत नसबंदीला ओढून नेलेली माणसं सरकारी पिशवी विसरलेली नाहीत. मला पाहून एक आबा उसात शिरले, हसूच आलं. मग तुळजाबाई बरोबर फिरल्या. पोरगा माझ्या घरचा आहे, म्हणाल्या. त्यांच्या शब्दावर त्यांची आळी उघडली. घरोघर बसलो, चहा प्यालो. अंगात कणकण होती, तरी खाडा केला नाही.

१४ जानेवारी
संक्रांत, आणि तिळगूळ घ्यायला पोरंच नाहीत. आळीतली सगळी तरणी पोरं तापानं पडलीत. हिवतापाच्या गोळ्या दिल्या, एकेकाच्या उशाशी बसलो. ज्यांनी मला दार उघडलं नाही ते ठणठणीत आहेत.

१७ जानेवारी
काचा तपासून आल्या. एकाही थेंबात हिवताप नाही. शिरूरला आमच्या साहेबांना गाठलं. पान लावत म्हणाले, नवा फ्ल्यू आहे, पोरांना-तरण्यांनाच धरतो, श्वासातून पसरतो, दौंडहून तुम्हीच आणला असेल. त्यांना आधीच कळलं होतं. कामं थांबतील म्हणून आम्हाला सांगितलं नाही. गावातही बोलू नका, घबराट होईल, म्हणाले. आणि मी मान डोलावली. स्वतःची किळस येते.

१८ जानेवारी
चांगुणा तापली. श्वास पुरत नाही तिला. तिच्याही उशाशी मी बसलो होतो. गाडी जुंपली, पण—

१९ जानेवारी
चांगुणा गेली, पोटातल्या बाळासकट. तुळजाबाईंना सगळं सांगायला गेलो, तर खोकल्याची उबळ आली. त्यांनीच पाठ चोळली. म्हणाल्या, "लेकरा, तू लई केलंस. तुझा काय दोष न्हाई."
सांगायचं ते तसंच घेऊन खोलीत परतलो.

२१
माझाही ताप पुन्हा चढलाय. सुतक न पाहता तुळजाबाई गावभर हिंडल्या. माझी गेली, दुसऱ्याची जायला नको. पोराला दार उघडा, औषध घ्या, म्हणून सांगितलं.
सगळं गाव ऐकतंय त्यांचं.

२२
खोलीबाहेर बाया जमल्यात. कडेवर पोरं. आतून कडी लावलीय. लांब व्हा म्हणतोय— आवाज फुटत नाही—
तुळजाबाईंचा आवाज. "आपल्यापायी झिजला त्यो. आता आपुन बसायचं त्याच्या उशाशी. ढकला गं दार."
नको—
कडी निघाली. सगळ्या आत—
पोरं पण—