बेतायचं काम तुझ्याकडे

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस. म्हणजे घाबरशीलच, पण निदान खुर्चीवर बसून घाबर. फोन केला असता तर तू मध्येच बोलायला लागली असतीस, मी नेहमीसारखी 'हो गं, हो गं' म्हणून मोकळी झाले असते, आणि फोन ठेवल्यावर आठवलं असतं की सांगायचं ते राहूनच गेलं. आज मला सुट्टी आहे. लेक कॉलेजला गेलीय, हे कामावर गेलेत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी दुपारपासून पेन हातात धरून बसलेय.

लेकीने तुला सगळं सांगितलंय हे मला कळलं. 'मावशीला एवढ्यात सांगू नकोस' असं मी तिला बजावलं होतं, म्हणजे ती सांगणारच होती. पण तिच्या सांगण्यात रडणंच जास्त असणार, तेव्हा माझ्याकडून नीट ऐक. आमच्या वॉर्डात एक सुतारकाका होते. पायाची जखम चिघळलेली, ताप उतरत नव्हता. त्यांना एचआयव्ही आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्यांचं रक्त काढलं, सुई बाजूला करून रक्त बाटलीत भरलं, आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचे आजोबा एकटेच उठायला गेले आणि कलंडले. वापरलेल्या सुया टाकायचा डबा माझ्या हाताशी होता. अगदी हाताशी, ताई. आणि मी काय केलं असेल? ती सुई एप्रनमध्ये खोवली आणि धावले. डाव्या खांद्याच्या खाली, आपल्या शिवणाच्या दुकानात इतकी वर्षं खोवायचे तिथेच. आजोबांना काखेत हात घालून उचललं तेव्हा ती मला टोचली. इतकंसं टोचलं. दुकानात असं टोचलं की आपण बोट तोंडात घालून पुढची टीप मारायला घ्यायचो.

दुसऱ्या कुठल्याही नर्सच्या हातून ही चूक झाली नसती. शिकवणाऱ्यांनी माझं डोकं तयार केलं, परीक्षेत मला चांगले मार्कही मिळाले, पण हात मात्र शिंपिणीचेच राहिले. आमच्या मोठ्या सिस्टर आधी माझ्यावर ओरडल्या. मोठ्या म्हणजे हुद्द्याने, वयाने माझ्यापेक्षा कितीतरी लहान आहेत. मग त्यांनीच मला नळाखाली उभं करून जखम धुतली आणि हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. लागण होऊ नये म्हणून गोळ्या लगेच सुरू झाल्या. महिनाभर सारखं मळमळायचं, अन्नाचा वास नको व्हायचा. तू तेव्हा फोनवर म्हणालीस, 'आवाज का गं असा?' मी म्हटलं, सर्दी झालीय. सुतारकाकांना कुणीतरी सांगितलं तर ते रडायलाच लागले, 'पोरी, माझ्यामुळे झालं गं.' चूक माझी आणि माफी ते मागत होते. मी त्यांच्या खाटेपाशी बसले आणि आम्ही दोघांनी एकमेकांना उगाच धीर दिला.

आतापर्यंतच्या तपासण्या चांगल्या आल्यात. शेवटची शुक्रवारी आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण जवळजवळ नाही. त्या 'जवळजवळ'मध्ये मी इतके दिवस राहतेय. घसा दुखला की आरशासमोर तोंड उघडून आत बघत बसते. आंघोळ करताना मानेवरून, काखेतून बोटं फिरवून गाठ शोधते. भाजी चिरताना जरा कापलं तर सगळी भाजी टाकून देते. घरात माझा पेला मी वेगळा ठेवलाय. असं पेल्याने काही पसरत नाही हे मी स्वतः पेशंटच्या नातेवाइकांना बजावून सांगते, वर त्यांना रागावतेसुद्धा. आणि घरी आले की शहाणपण बाहेर चपलांजवळ काढून ठेवते. परवा लेकीने मुद्दाम माझ्यासमोर तो पेला उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. मी तिच्या अंगावर किंचाळले. ती पेला विसळून पुन्हा माझ्यासमोर ठेवून गेली. हा आजार झाला तरी आता माणूस गोळ्या घेऊन चांगला जगतो, कामही करतो. हे नर्सला माहीत आहे गं. पण मला भीती वाटायला लागली की ती नर्स कुठे पळून जाते कोण जाणे.

आणि अशात फोनवर तुझा निरोप. माझ्या मशीनला तेल घालून ठेवलंस, खिडकीतला दिवा बदललास, 'सोमवारपासून येऊन बस, कुणी काही विचारणार नाही.' ताई, तो निरोप मी कितीदा ऐकला ते सांगत नाही, तू भाव खाशील. डोळे मिटले की ती खिडकी दिसते. तुझं टेबल, खडूची पूड, इस्त्रीचा ऊबदार वास, तोंडात टाचण्या धरून आपलं दोघींचं बोलणं. गिऱ्हाइकांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. तिथे चुकलं तर फार तर काय, टीप उसवायची आणि पुन्हा शिवायचं. इथे काही उसवता येत नाही. औषधाचं माप मी पुन्हा पुन्हा तपासते, तपासून पुढे गेले की मागे वळते. पेशंट म्हणतात, सिस्टर, आत्ताच बघून गेलात ना?

तू विचारलंस, या वयात हे सगळं करून मिळवलंस काय? पाय सुजतात, हे मिळवलं. लहान पोरींकडून बोलणी खाल्ली. हे काम का घेतलं असं कुणी विचारलं तर मी माणूस बघून उत्तर देते. मुलाखतीत म्हटलं, सेवेची आवड. शेजारणीला म्हटलं, म्हातारपणी पेन्शन मिळेल. यांना म्हटलं, शिवून शिवून मान आखडली. सगळं थोडंथोडं खरंच आहे. तुला मात्र कधीच काही सांगितलं नाही. तू रुसलीस आणि मी तुला रुसू दिलं.

आपल्या दुकानात बेतायचं काम तुझ्याकडे होतं, शिवायचं माझ्याकडे. ते कुणी ठरवलं होतं का? पहिल्या वर्षी कुणाच्या तरी कोटाचं भारी कापड मी कापायला घेतलं आणि कात्री लावताना माझा हात असा थरथरला की तू हसत हसत कात्री काढून घेतलीस. 'भित्री भागूबाई, सरक तिकडे.' मी सरकले. किती बरं वाटलं होतं मला! मग बाकीचंही तसंच होत गेलं. माझ्यासाठी स्थळ तू बघितलंस, घर तू बघितलंस, लेकीची शाळासुद्धा तू ठरवलीस. तू वाईट ठरवलंस असं मी म्हणणार नाही, एकही गोष्ट चुकली नाही तुझी. पण चाळिशी उलटल्यावर एके दिवशी कुणाची तरी बाही शिवता शिवता मनात आलं, माझ्या आयुष्यात मी स्वतः कापलेलं काहीच नाही. सगळं बेतून आलेलं, मी फक्त टीप मारत गेले. त्याच आठवड्यात मी नर्सिंगची चौकशी करून आले. धैर्य वगैरे काही नव्हतं. उलट तुला सांगायचीच इतकी भीती वाटली की प्रवेश झाल्यावर सांगितलं. आणि आता जिवावर बेतलंय तेव्हा तुझ्या मायेने तू पुन्हा कात्री घ्यायला हात पुढे केलास. मला तो हात धरावासा वाटतोय, म्हणून तर इतकी घाबरलेय.

हे पत्र मी शुक्रवारच्या आधी लिहितेय ते मुद्दाम. तपासणी चांगली आली आणि मग मी कामावर टिकले, तर तू म्हणशील नशिबाने वाचली. वाईट आली आणि तुझ्याकडे आले, तर मी जन्मभर तुझ्या खिडकीत बसून रडेन आणि तू माझे अश्रू पुसत बसशील. म्हणून काय येईल ते माहीत नसताना सांगते: मी परत येत नाहीये. सोमवारी मी वॉर्डात जाणार, काही आलं तरी. माझं मशीन कुणाला तरी दे, लवकर दे, मी आठवड्याभरात रडत फोन केला तर 'जागा गेली' असं तुला खरंखुरं सांगता आलं पाहिजे. हे लिहिताना माझा हात थरथरतोय, अक्षरावरून तुला दिसतच असेल, आणि हे फायद्याचं ठरेल की नाही हे मला खरंच ठाऊक नाही. एकच मागते. शुक्रवारी तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मला एकटीला बसवणार नाही. यांना मी नको म्हटलंय, ते माझ्यापेक्षा जास्त घाबरतात. तू ये. मला न्यायला येऊ नकोस, ताई. नुसती ये.

तुझीच,
धाकटी