चंद्रीचं नाव

साळूआक्का, तुझ्या बद्रीचा दंडवत.

पोलीस अ‍ॅक्शनच्या साली तुझी लेक चंद्री तापानं गेली आणि तू जात्यावर तिच्या ओव्या गायला लागलीस. त्याच मी माझ्या नावानं पुस्तकात छापल्या. शहरात गुलमंडीत माझा सत्कार झाला, तेव्हा तू गावाकडनं, कन्नडहून येऊन मागं बसली होतीस. टाळ्या थांबल्यावर एवढंच म्हणालीस, "बद्री, ओव्या घेतल्यास तर घे. पण माझ्या चंद्रीचं नाव का काढलंस रे?"

ते वृत्तात बसत नव्हतं, आक्का. मला हे तोंडानं सांगता आलं नाय. तेव्हापासून एक ओळ सुचलेली नाय. माझी एकतरी कधी होती का?

तुला वाचता येत नाय. हे पत्र गावातलं कुणीतरी मोठ्यानं वाचील, मग सगळ्यांना कळंल. म्हणून टपालात टाकत नाय.

तुझा भाऊ,
बद्रीनाथ