अठरातले पंधरा

९ मार्च

प्रिय वेंडेल,

इथे सगळे ठीक. बर्फ वितळलं, अंगणात नुसता चिखल आहे. शनिवारी शाळेच्या मदतीसाठी राजमा-खिम्याची चिली आणि सिनॅमन रोलचं जेवण झालं. सगळ्यांनी तुझी आठवण काढली. कोणत्या शब्दांत, ते लिहीत नाही.

ब्रिन कोव्हारिक बारावीत आहे. कॉलेजचं इंग्रजी ती आपल्या शाळेतच, माझ्याकडे शिकली. त्याचे कॉलेजचे क्रेडिट मिळाले, त्या जोरावर नर्सिंगला जागा मिळाली. मग तू विधिमंडळात मांडलेला कायदा आला, कॉलेजने शिक्षकांचे कागद तपासले आणि तिचे क्रेडिट रद्द केले. जागाही जाणार. काल मला म्हणाली, "मिसेस ड्व्होरॅक, निबंध तर मी सगळे लिहिले होते ना?" काय सांगू तिला? तूच सांग.

असा वर्ग शिकवायला त्याच विषयातले एम.ए.चे अठरा क्रेडिट हवेत, हे लिहायला तुम्हाला एक दुपार पुरली. आमच्यापासून विद्यापीठ नव्वद मैल. राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं?

तू म्हणशील, जोलीनकडे आहेत की अठरा. सभागृहात उभं राहून तेच बोललास: "माझी बहीण खेड्यात शिकवते, तिला जमलं, मग इतरांना का नाही?" टाळ्या पडल्या म्हणे.

मतदानाआधी तू फोन केलास, तेव्हा मी भांडी घासत होते. "तुझे अठरा आहेत ना गं?" मी हो म्हटलं. कॉलेजच्या फॉर्मवरही हो लिहिलं होतं. तुझ्यापुढे मला कमी पडायचं नव्हतं, बस.

माझे पंधरा आहेत. कागद तपासताना कॉलेजला तेच सापडलं.

शेवटचा कोर्स मी अर्ध्यात सोडला, कारण त्याच वसंतात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. तुझा प्रचार चालला होता. तू फुलं पाठवलीस. ते जाईपर्यंत चार महिने त्यांना मी भरवलं, मी उचललं. तो राग अजून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण खोटं मी बोलले आणि भोगतेय ती पोरगी. याची मला लाज वाटते.

गुरुवारी तुझ्या समितीपुढे या कायद्यातल्या दुरुस्तीची सुनावणी आहे. शिक्षकाचे कागद अपुरे असले तरी मुलांनी मिळवलेले क्रेडिट टिकावेत, एवढंच त्यात आहे. बोलणाऱ्यांत मी नाव दिलंय. पंधरा हा आकडा माईकवर सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे.

अध्यक्षाच्या खुर्चीत तू असशील. या वेळी तरी शेवटपर्यंत थांब.

तुझी बहीण, सभागृहात सांगितलीस ती नव्हे,
जोलीन