पडलेला खांदा

प्रिय आई,
दुरूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे. शिवणाच्या कारखान्यात काम भरपूर आहे, जेवण वेळेवर होतं. पण आज डोकं फिरलंय, ते तुलाच सांगते.

आमच्या विहारातले भंतेजी ध्यानाला बसतात तेव्हा त्यांचा डावा खांदा खाली जातो. परवा बघते तर अख्खी ओळ डावा खांदा पाडून बसलेली. दिवसभर शर्टांचे खांदेच शिवते मी, मला दिसणार नाही का? मी ताठ बसले, तर तिथल्या सगळ्यात जुन्या शिष्या, काकू, सर्वांदेखत म्हणाल्या, "गुरूपेक्षा शहाणी झालीस का? श्रद्धा लागते."

मी तडक भंतेजींनाच विचारलं. ते म्हणाले, "मी लहानपणी झाडावरून पडलो होतो. हे सगळे कुठून पडले?" मग त्यांनी सर्वांना बजावलं, "माझ्याकडे नको, आपापल्या श्वासाकडे बघा."

आज सगळे ताठ. काकू दारातच एकेकाचा खांदा वर करत होत्या, "भंतेजींची आज्ञा आहे" म्हणून. आणि ध्यानात एक डोळा उघडा ठेवून पुन्हा भंतेजींकडेच बघत होत्या. मला इतका संताप आला की माझाही श्वास राहिला बाजूला, मी काकूंकडेच बघत बसले.

बाबांचा खोकला कमी आहे ना? धाकटी सांगत होती, माझा फोन आला नाही तर तू गुडघ्याचा व्यायाम करतच नाहीस. "लेकीनं विचारलं की करते" म्हणतेस म्हणे.

आई, गुडघा तुझा आहे. आता मी विचारणार नाही.

तुझी,
शहाणी लेक