चोर आत शिरून दाखवू दे

येळ्ळूर, ४ फेब्रुवारी
खालच्या गल्लीत भरमूच्या घरी चोरी झाली. पितळी भांडी गेली. सगळी गल्ली हळहळली, विचार मात्र कुणी केला न्हाय. विचार मी केला. एवढी वर्सं फौंड्रीत स्टोअर सांभाळलंय. माझ्या काळात एक नट गेटाबाहेर गेला न्हाय. एक ग्राइंडर गेलता, पण तो माझ्या रजेत. आजपासून घराची सिक्युरिटी माझ्या हातात. बायकोला, म्हणजे नागूला, तसं सांगितलं. ती म्हशीची धार काढत होती. व्हय म्हणाली, आधी जरा शेपूट धरा म्हणाली.

५ फेब्रुवारी
पहिला निर्णय. हिचे पैसे. डेअरीला दूध घालून घालून साठवलेत. दारातच स्वतःची पिठाची गिरण घालायची, हे हिचं लई दिवसांचं मनात हाय. पण पैसे ठेवलेत कुठं, तर तांदळाच्या पिंपात! बघून मला घामच फुटला. चोर आधी पिंप उपसतो, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. सगळे उचलले आणि बँकेत माझ्या खात्यात भरले. हिचं खातं हाय, पण त्याचं केवायसी राहिलंय. ही म्हणाली, ते करून घ्या, मग माझ्याच खात्यात भरा. म्हटलं, चोर काय तुझ्या केवायसीसाठी थांबणार हाय? गप्प बसली. पटलं असणार.

८ फेब्रुवारी
कॅमेरा बसवला. ऋतिकानं ऑनलाईन मागवून दिला. पोरगी बेळगावात राहून ऑफिसला जाते, तिला त्यातलं सगळं कळतं. वायर जोडता जोडता म्हणाली, आप्पा, कॅमेरा ठीक हाय, पण फोनवर कुणाला ओटीपी सांगू नका. हसूच आलं. कालपर्यंत हिला शाळेत सोडायला जात होतो, आज बापाला शिकवते.

११ फेब्रुवारी, सकाळी
घावला! पहाटेच्या रेकॉर्डिंगमध्ये एक इसम स्पष्ट दिसतोय. डोक्याला माकडटोपी, हातात दांडकं, आमच्या मागच्या दाराला कान लावून उभा. चालच चोराची. व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, सदर इसमास ओळखणाऱ्यांनी त्वरित संपर्क साधावा.

११ फेब्रुवारी, दुपारी
शेजारच्या मष्णूनं ओळखला. तुम्हीच हाय की, म्हणाला. पहाटे खुडबुड ऐकून मी उठलो होतो, ते खरं. ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. हसू देत. कॅमेरा किती क्लिअर हाय हे त्यातनं सिद्ध झालं, ते कुणी बोलत न्हाय.

१४ फेब्रुवारी
पुढच्या-मागच्या दारांना नवीन कुलपं. चाव्या फक्त माझ्याकडं, कारण चाव्या वाटल्या की सिस्टीम ढिली पडते. आज संकेश्वरला लग्नाला गेलतो. परत आलो तर ही पायरीवर बसलेली, दुधाची बरणी आत, म्हैस हंबरून हंबरून बेजार. सकाळी शेणी थापायला बाहेर पडली ती बाहेरच राहिली. पण दिवसभरात घरात कुणी शिरलं का? न्हाय. मग?

१८ फेब्रुवारी
बँकेचे मेसेज फार यायला लागलेत. सगळे कन्नडमध्ये. मी वाचत न्हाय. बाजारात भाव करण्यापुरतं कन्नड मला येतं, प्रश्न तो न्हाय. तत्त्वाचा हाय. मराठीत पाठवा, वाचतो. तसा अर्जच दिलाय मॅनेजरला. तोवर मेसेज आला की डिलीट. आमचा लढा असा घरबसल्यापण चालू असतो. नागूला कन्नड फडाफडा येतं. म्हणाली, पुसायच्या आधी मला तरी दाखवा, काय लिहिलंय बघते. दाखवला न्हाय. घरातच फितुरी नको.

२७ फेब्रुवारी
आजचा दिवस सोन्याचा. मराठी भाषा दिन, आणि आजच बँकेच्या हेड ऑफिसमधनं फोन! बोलणारे साहेब असे मराठी बोलत होते की कान तृप्त झाले. आधी दिनाच्या शुभेच्छा दिल्या. तब्येत विचारली. मग म्हणाले, सीमाभागातल्या ग्राहकांसाठी खास मराठी विभाग सुरू केलाय. म्हटलं, मी अर्ज दिलाय बघा. तर म्हणाले, तोच तर माझ्या समोर हाय, असा मुद्देसूद अर्ज आजवर बघितला न्हाय. अंगावर काटा आला. एवढ्या वर्सांत कुठल्या ऑफिसानं आमचं ऐकलं व्हतं?
मराठी चालू करायला मोबाईलवर एक नंबर येणार, तो सांगायचा. आला. मेसेज कन्नडच. साहेब हसून म्हणाले, हा तुमचा शेवटचा कन्नड मेसेज. मीपण हसलो. आकडे तेवढे वाचून दाखवले. मग अजून एक आला, तोपण वाचला. ऋतिकाचं बोलणं मधेच आठवलं. पण ती म्हणाली होती, कुणाला सांगू नका. हे कुणीतरी न्हवेत, आपले हायत.
संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले.

२८ फेब्रुवारी
अजून मेसेज कन्नडच येत होते. डिलीट केले. विभाग नवीन हाय. माणसांना जरा वेळ द्यायला पाहिजे.

३ मार्च
गिरणीचा ॲडव्हान्स द्यायचा म्हणून हिला घेऊन बँकेत गेलो. ही ठेवणीतलं लुगडं नेसून आलती. काउंटरवरची पोरगी म्हणाली, खात्यात काही शिल्लक न्हाय. म्हटलं, नीट बघा. नीट बघितलं. म्हटलं, मराठी विभागाला विचारा. असला विभागच न्हाय म्हणाली. तुम्हाला माहीत नसेल, वरून ठरलंय, असं मी तिला बराच वेळ समजावत होतो. मागं वळून बघितलं तर ही बाकावर बसली होती. पदराची गाठ सोडत होती, परत बांधत होती.
हेड ऑफिसच्या साहेबांना फोन लावला. लागेना. कामात असतील, असं माझ्या मनात आलं. आलं, हे लिहून ठेवतो.

४ मार्च
सायबर पोलीस. तिथले साहेब कन्नडमध्ये विचाराय लागले. माझं बाजारातलं कन्नड तिथं चालेना. नागूनं सगळं सांगितलं. मेसेज कुठं हायत म्हणून विचारलं. पुसले म्हटलं. का पुसले? नागूनं तेपण सांगितलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला लावलं. म्हणाले, तो नंबर कुणाला सांगू नका, असं त्या प्रत्येक मेसेजात लिहिलेलं असतं. पैसे परत मिळतील काय विचारलं, तर नोडोणा म्हणाले. म्हणजे बघू.

६ मार्च
ऋतिका ओरडेल वाटलं होतं. फोनवर रडली. आप्पा, मी सांगितलं होतं ना, एवढंच. मष्णू येऊन म्हणाला, कॅमेऱ्यात कोण दिसतंय काय बघा की. त्याला घालवून दिला. दाराला आतनं कुलूप लावून बसलो. काय करू, कुणाकडं जाऊ, कळंना झालंय. कुलूप काढायला मीच उठायला पाहिजे, तेवढंपण होईना.

९ मार्च
ही अजून एक शब्द टाकून बोलली न्हाय. म्हैस, डेअरी, भाकरी, सगळं पहिल्यासारखं. हे जास्त लागतंय. आज चहा दिला तेव्हा न राहवून म्हटलं, नागू, एकदा शिव्या तर दे गं. तुला फोन आला असता तर तू फसली नसतीस.
फसले असते की, म्हणाली. माझ्याशी कोण एवढं गोड बोललं असतं, तर मीबी मागंल ते सांगून टाकलं असतं.
रागानं न्हाय. साधंच म्हणाली.
कप रिकामा केला. मग म्हटलं, चहा चांगला झालाय. तोवर ती म्हशीकडं गेलती.